नोंदीपासून आलेखापर्यंत

डेटाबेसमध्ये साठवलेल्या लाखो नोंदींतून रंगीत आलेख उमटवणे हे आता काही क्षणांचे काम झाले आहे. मात्र त्या आलेखाचा खरेपणा चित्र रेखाटण्यापूर्वीच, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातच, निश्चित होत असतो. पावसाच्या नोंदींच्या आधारे या प्रक्रियेचा घेतलेला हा वेध.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत महाराष्ट्रात एक आलेख सर्वांच्या परिचयाचा होतो. त्यात एक रेषा आतापर्यंत पडलेल्या पावसाची असते आणि दुसरी त्या तारखेपर्यंत अपेक्षित असलेल्या सरासरी पावसाची. या दोन रेषांमधील अंतर वाढू लागले की पेरणी, पाणीकपात, टँकर आणि पीकविमा यांची चर्चा सुरू होते. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाअंतर्गत महसूल मंडळ स्तरावर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आहेत. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत नुकसानभरपाई ठरवताना अशा केंद्रांच्या नोंदी आधारभूत मानल्या जातात. त्यामुळे नोंदीपासून आलेखापर्यंतच्या प्रवासात झालेली चूक थेट शेतकऱ्याच्या हक्काशी जाऊन भिडते.

हा प्रवास समजून घेण्यासाठी संगणकशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही. नोंदी कशा साठवल्या जातात, त्यांना प्रश्न कसा विचारला जातो आणि आलेले उत्तर कोणत्या चित्रात बसवले जाते, या तीन पायऱ्या लक्षात आल्या की कोणताही आलेख अधिक सजगपणे वाचता येतो आणि तयारही करता येतो.

नोंदींचे कोष्टक

डेटाबेस म्हणजे ठरावीक रचनेत साठवलेली माहिती. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसचा पाया आयबीएममधील शास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने घातला. सर्व माहिती ओळी आणि रकाने असलेल्या कोष्टकांत ठेवावी व ही कोष्टके समान रकान्यांच्या आधारे परस्परांशी जोडावीत, अशी त्यामागील कल्पना होती. त्यानंतर चार वर्षांनी, १९७४ मध्ये, आयबीएममधीलच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने जगभर रूढ झाली.

पावसाच्या डेटाबेसमध्ये किमान दोन कोष्टके लागतात. पहिल्या कोष्टकात केंद्रांची माहिती असते : केंद्राचा क्रमांक, नाव, तालुका आणि जिल्हा. दुसऱ्या कोष्टकात रोजच्या नोंदी असतात : केंद्राचा क्रमांक, दिनांक आणि मिलिमीटरमधील पाऊस. दुसऱ्या कोष्टकातील एका ओळीचा अर्थ ‘एका केंद्रावरील एका दिवसाचा पाऊस’ असा एकच असतो. एका ओळीचा अर्थ काय, हा प्रश्न साधा वाटला तरी आलेख काढणाऱ्याने सर्वप्रथम त्याचेच उत्तर शोधायला हवे.

कारण प्रत्यक्षात अनेक कार्यालयांतील तक्ते असे नसतात. त्यात प्रत्येक महिन्यासाठी स्वतंत्र रकाना असतो, मध्येच तालुक्याच्या बेरजेची ओळ असते, तळाशी जिल्ह्याची एकूण बेरीज असते. कागदावर वाचण्यासाठी ही मांडणी सोयीची असली तरी संगणकाला बेरजेची ओळ आणि मूळ नोंद यांतील फरक कळत नाही. असा तक्ता जसाच्या तसा डेटाबेसमध्ये भरला, तर केंद्रांचा पाऊस, तालुक्याची बेरीज आणि जिल्ह्याची बेरीज या सर्वांची पुन्हा एकत्र बेरीज होते. कागदावरच्या तक्त्यातील बेरजा काढून टाकून फक्त मूळ नोंदी ठेवणे, ही म्हणूनच कामाची सुरुवात ठरते.

प्रश्न विचारण्याची भाषा

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला संगणकाच्या परिभाषेत ‘क्वेरी’ म्हणतात. तिच्यात मोजकेच शब्द असतात. ‘सिलेक्ट’ म्हणजे कोणते रकाने हवेत, ‘फ्रॉम’ म्हणजे कोणत्या कोष्टकातून, ‘व्हेअर’ म्हणजे कोणत्या अटीवर, ‘ग्रुप बाय’ म्हणजे कशाचे गट करून आणि ‘ऑर्डर बाय’ म्हणजे कोणत्या क्रमाने. ‘जून ते सप्टेंबर या काळातील, जिल्ह्यातील सर्व केंद्रांच्या नोंदी घ्या, महिन्यानुसार गट करा आणि महिन्यांच्या क्रमाने लावा’ असा प्रश्न विचारला, की हजारो ओळींचे उत्तर चार ओळींत येते. आलेख काढला जातो तो या चार ओळींचा.

आलेखाचा प्रत्येक भाग क्वेरीतील एकेका शब्दाशी बांधलेला असतो, हे येथे लक्षात येईल. ज्याचे गट केले, ते आडव्या अक्षावर येते. ज्याची बेरीज किंवा सरासरी केली, ती उभ्या अक्षावरील उंची ठरते. ‘ऑर्डर बाय’मुळे डावीकडून उजवीकडे जाणारा क्रम ठरतो. आणि ‘व्हेअर’मुळे कोणत्या नोंदी आलेखात कधीच दिसणार नाहीत, हे ठरते. आलेख पाहणाऱ्याला चित्र दिसते, क्वेरी दिसत नाही. त्यामुळे क्वेरीत शिरलेला दोष चित्रात शोधून सापडत नाही.

चित्राची गरज का भासते?

आकडे समोर असताना चित्राचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विचारला जाऊ शकतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोंब यांनी १९७३ मध्ये त्याचे समर्पक उत्तर दिले. त्यांनी प्रत्येकी अकरा जोड्यांचे चार संच तयार केले. चारही संचांत पहिल्या राशीची सरासरी ९, दुसरीची ७.५ आणि दोन्हींतील सहसंबंध सुमारे ०.८२ होता. गणिताच्या दृष्टीने हे चार संच जवळजवळ एकसारखेच. मात्र आलेखावर ठिपके मांडताच एकात विखुरलेली तिरकी रेषा, दुसऱ्यात गुळगुळीत कमान, तिसऱ्यात सरळ रेषेपासून दूर गेलेला एकच ठिपका आणि चौथ्यात एका उभ्या ओळीत रचलेले ठिपके दिसू लागले. सरासरीने जे झाकले होते, ते चित्राने उघड केले.

आलेखांचे जनक मानले जाणारे स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर यांची कहाणीही बोधप्रद आहे. १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्यापारविषयक आलेखसंग्रहात इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे अनेक वर्षांचे चढउतार रेषांनी दाखवले होते. स्कॉटलंडच्या व्यापाराची मात्र त्यांच्याकडे एकाच वर्षाची आकडेवारी होती. एका वर्षाची रेषा काढता येत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक देशाशी झालेल्या व्यापारासाठी आडव्या पट्ट्या काढल्या आणि त्यातून स्तंभालेखाचा प्रकार रूढ झाला. हातात असलेल्या नोंदी कोणत्या प्रकारच्या आहेत, यावरून आलेखाचा प्रकार ठरतो, हा धडा त्या पहिल्याच प्रयत्नातून मिळाला. वर्तुळाचे तुकडे करून हिस्से दाखवणारा वृत्तालेखही प्लेफेअर यांनीच १८०१ मध्ये प्रथम वापरला.

बेरीज कशाची, सरासरी कशाची?

पावसाच्या नोंदींचे गट करताना सर्वाधिक गफलत होते ती बेरीज आणि सरासरी यांच्या निवडीत. एखाद्या तालुक्यात तीन केंद्रे आहेत आणि एका दिवशी तेथे अनुक्रमे ४०, ६० आणि २० मिलिमीटर पाऊस झाला, असे समजू. येथे बेरीज केली तर १२० मिलिमीटर हे उत्तर येते, पण तेवढा पाऊस तालुक्यात कोठेही पडलेला नसतो. योग्य उत्तर सरासरीचे, म्हणजे ४० मिलिमीटर. याउलट एकाच केंद्रावरील जून महिन्याचा पाऊस हवा असेल, तर तीस दिवसांची बेरीजच करावी लागते. पाऊस काळावर बेरजेने आणि जागेवर सरासरीने मोजायचा असतो. हा नियम मोडला तरी संगणक तक्रार करत नाही. तालुक्यातील केंद्रे तीनवरून आठ झाली की बेरजेचा आलेख उंचावतो आणि पाऊसमान सुधारल्याचा आभास निर्माण होतो.

अशीच फसगत कोष्टके जोडताना होते. जिल्ह्याच्या पावसाचे कोष्टक तालुक्यांच्या कोष्टकाशी जोडले, तर जिल्ह्याची एकच नोंद प्रत्येक तालुक्यासमोर पुन्हा लिहिली जाते. त्यानंतर बेरीज केली की पाऊस तालुक्यांच्या संख्येइतक्या पटींनी फुगतो. जोडणीपूर्वी आणि जोडणीनंतर ओळींची संख्या मोजून पाहणे, हा यावरील साधा उपाय होय.

सरासरी योग्य असली तरी ती नेहमी पुरेशी असतेच असे नाही. २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या २४ तासांत मुंबईतील सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाबा येथे अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. दोन्ही केंद्रांची सरासरी काढली तर सुमारे ५०९ मिलिमीटर हा आकडा मिळतो. हा आकडा उपनगरातील प्रलयाची तीव्रता निम्म्यावर आणतो आणि दक्षिण मुंबईत न झालेला प्रलय दाखवतो. सातारा जिल्ह्यातही हेच चित्र वर्षानुवर्षे दिसते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर त्याच जिल्ह्यातील माण तालुका दुष्काळी पट्ट्यात मोडतो. जिल्ह्याच्या सरासरीचा एकच स्तंभ या दोन्ही ठिकाणांपैकी एकाचेही वर्णन करत नाही. अशा वेळी सरासरीसोबत किमान व कमाल नोंद दाखवणे किंवा प्रत्येक केंद्राचा स्वतंत्र ठिपका मांडणे इष्ट ठरते.

सांताक्रूझच्या नोंदीत आणखी एक बारकावा दडलेला आहे. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीनुसार पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे २६ जुलैच्या दुपारी व रात्री कोसळलेला पाऊस २७ जुलै या दिनांकासमोर लिहिला जातो. नद्यांची पातळी किंवा वाहतूक यांच्या नोंदी मध्यरात्री बदलणाऱ्या दिनांकाने ठेवलेल्या असतील आणि दोन्ही कोष्टके केवळ दिनांकावरून जोडली, तर आलेखात पूर आधी आणि पाऊस नंतर, असा विचित्र क्रम दिसू शकतो.

शून्य आणि रिकामी जागा

पाऊस झाला नाही आणि पावसाची नोंद झाली नाही, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या स्थितीत रकान्यात शून्य असते. दुसऱ्या स्थितीत रकाना रिकामा असतो. डेटाबेसच्या भाषेत या रिकाम्या जागेला ‘नल’ असे नाव आहे. यंत्र बंद पडले, नोंद पाठवायची राहिली किंवा संपर्क तुटला की ‘नल’ येते.

एका आठवड्यात १०, ०, ३५, रिकामी, रिकामी, २० आणि ५ अशा नोंदी आहेत, असे समजू. एकूण बेरीज ७० मिलिमीटर. डेटाबेसला सरासरी विचारली, तर तो रिकाम्या जागा वगळून पाचने भागतो आणि उत्तर १४ येते. रिकाम्या जागी शून्य भरले, तर भागाकार सातने होतो आणि उत्तर १० येते. त्या दोन दिवसांत प्रत्यक्षात मुसळधार पाऊस झाला असेल, तर दोन्ही उत्तरे चुकीची. विशेष म्हणजे यंत्र बंद पडण्याची शक्यता वादळी पावसातच अधिक असते. त्यामुळे रिकाम्या जागी शून्य लिहिण्याची सवय नेमक्या अतिवृष्टीच्या दिवशी कोरडा दिवस दाखवू शकते. नुकसानभरपाईचा दावा अशा एका शून्यावर अडू शकतो.

एखाद्या दिवसाची ओळच नसेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. ‘ग्रुप बाय’ केवळ अस्तित्वात असलेल्या ओळींचे गट करते. नसलेल्या दिवसाचा गट तयार होत नाही आणि आलेख काढणारे सॉफ्टवेअर आधीचा व नंतरचा ठिपका सरळ रेषेने जोडून मोकळे होते. पाहणाऱ्याला तेथे खंड आहे, हे समजतही नाही. यासाठी जाणकार मंडळी डेटाबेसमध्ये सर्व दिनांकांचे एक स्वतंत्र कोष्टक ठेवतात आणि नोंदी त्याला जोडतात. ज्या दिवसाची नोंद नाही, त्या ठिकाणी रेषा तुटलेली दिसते आणि तुटलेली रेषा हीच तेथील खरी माहिती असते.

वगळलेल्या ओळींची किंमत

‘व्हेअर’ची अट चुकली तर काय होऊ शकते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेत घडले. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. रॉकेटच्या सांध्यांतील ‘ओ-रिंग’ नावाची रबरी कडी थंडीत निकामी झाली होती. आदल्या रात्री अभियंते आणि अधिकारी यांच्यात थंडीच्या धोक्यावर दूरध्वनीवरून दीर्घ चर्चा झाली होती. मात्र तापमानाशी तुलना करताना ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, तेवढीच उड्डाणे विचारात घेण्यात आली. त्यांत तापमान आणि इजा यांचा स्पष्ट संबंध दिसत नव्हता.

अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने इजा न झालेली उड्डाणेही आलेखावर मांडली आणि चित्र पालटले. सांध्याचे तापमान ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १९ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक असलेल्या २० उड्डाणांपैकी केवळ तिनांत इजा आढळली होती. ६३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १७ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत मात्र इजा झाली होती. अपघाताच्या दिवशी उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे अवघे २ अंश सेल्सिअस, होते. ‘जेथे इजा झाली, तेवढेच दाखवा’ ही अट ऐकायला तर्कशुद्ध वाटते. प्रत्यक्षात जेथे काहीच घडले नाही, त्या नोंदींतच उत्तर दडलेले होते. पावसाच्या बाबतीतही पूर आलेले दिवसच निवडले, तर किती पावसाने पूर येतो हे कळत नाही. तेवढाच पाऊस होऊनही पूर न आलेले दिवस सोबत ठेवावे लागतात.

कधी ओळी अटीमुळे नव्हे, तर साधनाच्या मर्यादेमुळे गळतात. इंग्लंडमध्ये करोनाच्या साथीत २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारच्या फाइलमध्ये उतरवली जात होती. अशा फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी निमूटपणे गळून पडल्या. रुग्णवाढीचा आलेख प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसला आणि बाधितांच्या संपर्कात आलेल्या व्यक्तींचा शोध लांबणीवर पडला.

ही मर्यादा वाटते तितकी दूरची नाही. महाराष्ट्रातील ३६ जिल्ह्यांचा रोजचा पाऊस पाच वर्षे नोंदवला, तर लीप वर्षाचा दिवस न धरताही ६५,७०० ओळी होतात. जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये शेवटच्या चार-पाच दिवसांच्या नोंदी मावणार नाहीत. एक्सेलच्या २००७ पासूनच्या आवृत्त्यांत ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींपर्यंत वाढली असली, तरी फाइल उतरवून घेतल्यावर ओळींची संख्या डेटाबेसमधील संख्येशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

नावे बदलतात, सीमाही बदलतात

दीर्घ काळाचा आलेख काढताना आणखी एक अडचण उभी राहते. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबाद जिल्ह्याचे धाराशिव झाले. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जिल्ह्याच्या नावाने गट केले, तर एकाच जिल्ह्याच्या दोन रेषा तयार होतात. जुनी अचानक संपते आणि नवी अचानक सुरू होते. म्हणून गट नावाने न करता सांकेतिक क्रमांकाने करावेत आणि नाव केवळ आलेखावर लिहिण्यासाठी वापरावे, असा संकेत आहे. केंद्र सरकारच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’मध्ये जिल्हे, तालुके आणि गावांना असे क्रमांक देण्यात आले आहेत.

मराठीत नोंदी करताना लेखनभेदही आड येतो. कोणी ‘कराड’ लिहितो, कोणी ‘कऱ्हाड’. इतकेच नव्हे, तर ‘कऱ्हाड’मधील ‘ऱ्ह’ संगणकावर दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकित करता येतो. पडद्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात, डेटाबेसला मात्र ते भिन्न वाटतात. एका शहराचे आलेखावर तीन स्तंभ दिसले, तर त्याचे मूळ बहुधा येथे असते.

सीमा बदलल्या तर क्रमांकही पुरे पडत नाहीत. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि जनगणनेतील त्याच लोकसंख्येपैकी सुमारे ३० लाख लोक नव्या जिल्ह्यात गेले. ठाण्याचा आलेख जसाच्या तसा पुढे ओढला, तर लोकसंख्या एकाएकी एक चतुर्थांशाहून अधिक घटल्यासारखी दिसेल. अशा वेळी जुने आकडे नव्या सीमांनुसार पुन्हा मांडावेत किंवा बदलाच्या जागी उभी रेषा काढून कारण लिहावे.

कोणता आलेख, कशासाठी?

क्वेरीचे उत्तर निर्दोष असेल, तर पुढचे काम सोपे होते. काळानुसार होणारा बदल दाखवायचा असेल तर रेषालेख, निरनिराळ्या ठिकाणांची तुलना करायची असेल तर स्तंभालेख, दोन राशींतील संबंध तपासायचा असेल तर ठिपक्यांचा आलेख, हे सर्वसाधारण नियम होत. वृत्तालेख एका संपूर्ण गोष्टीचे दोन-चार हिस्से दाखवण्यापुरता ठीक असतो. ३६ जिल्ह्यांचे ३६ तुकडे केले, तर डोळ्यांना काहीच उमगत नाही. त्यातही जिल्ह्यांचा पाऊस मिळून ‘संपूर्ण’ असे काही होत नसल्याने पावसासाठी वृत्तालेख मुळातच गैरलागू ठरतो.

स्तंभालेखात डोळा स्तंभाची उंची मोजतो, म्हणून उभा अक्ष शून्यापासून सुरू होणे आवश्यक असते. ५८० आणि ६०० मिलिमीटर पावसाचे स्तंभ ५७० पासून सुरू केले, तर एक दुसऱ्याच्या तिप्पट दिसतो. रेषालेखात डोळा चढउतार पाहतो. तेथे अक्ष शून्यापासून नसला तरी चालते, मात्र अक्षावरील आकडे ठळक असावे लागतात.

क्रमाचे महत्त्वही कमी नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने मे २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या करोनाविषयक स्तंभालेखात आडव्या अक्षावरील तारखा कालक्रमाने नव्हत्या. स्तंभ मोठ्याकडून लहानाकडे लावलेले होते. परिणामी रुग्णसंख्या सलग घटत असल्याचा भास झाला. टीका झाल्यानंतर आलेख दुरुस्त करण्यात आला. क्वेरीत ‘ऑर्डर बाय’ दिनांकानुसार असते आणि आलेखाच्या सॉफ्टवेअरने स्वतःहून क्रम बदलला नाही ना, हे तपासले असते, तर हा प्रसंग टळला असता.

पावसाच्या एकत्रित आलेखाचेही स्वतःचे स्वभाववैशिष्ट्य आहे. त्यातील रेषा कधीच खाली उतरत नाही. पावसाचा खंड पडला की ती आडवी होते, एवढेच. दोन तालुक्यांत हंगामात प्रत्येकी ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तर शेवटी दोन्ही रेषा एकाच उंचीवर पोहोचतात. त्यांपैकी एका तालुक्यात तो चार महिन्यांत विभागून पडलेला असतो आणि दुसऱ्यात सोयाबीन शेंगा भरण्याच्या अवस्थेत असताना तीन आठवड्यांचा खंड गेलेला असतो. हंगामाच्या बेरजेचे दोन स्तंभ हा फरक पुसून टाकतात. रोजच्या पावसाचे बारीक स्तंभ आणि त्यावर एकत्रित पावसाची रेषा अशी जोडी दाखवली, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट नजरेत भरते.

सरासरीपेक्षा कमी-अधिक पाऊस टक्क्यांत दाखवताना कोणती सरासरी, हेही लिहायला हवे. देशातील मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी पूर्वी १९६१ ते २०१० या काळाच्या आधारे ८८०.६ मिलिमीटर मानली जात असे. २०२२ पासून हवामान विभागाने १९७१ ते २०२० या काळाची ८६८.६ मिलिमीटर ही सरासरी स्वीकारली. ८६० मिलिमीटर पाऊस जुन्या मापाने २.३ टक्के कमी ठरतो, तर नव्या मापाने १ टक्का. याशिवाय सरासरीच्या उणे १९ टक्क्यांपर्यंतचा पाऊस ‘सामान्य’ आणि उणे २० टक्क्यांपासून ‘अपुरा’ अशी विभागाची वर्गवारी असल्याने नकाशावर शेजारच्या दोन जिल्ह्यांचे रंग एका टक्क्याच्या फरकाने बदलू शकतात. रंगासोबत आकडा दिल्यास हा गैरसमज टळतो. लाल आणि हिरवा रंग एकमेकांपासून ओळखता न येणाऱ्या वाचकांचीही त्यामुळे सोय होते.

साधने आणि शिस्त

आलेख काढण्यासाठी आज साधनांची वाण नाही. नोंदी मोजक्या असतील तर एक्सेल किंवा विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस कॅल्क पुरते. नोंदी मोठ्या असतील आणि तोच आलेख दररोज काढायचा असेल, तर पायथॉन किंवा आर या भाषांत काही ओळींचा प्रोग्रॅम लिहून तो मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या डेटाबेसला थेट जोडता येतो. पॉवर बीआय, टॅब्लो, ग्राफाना यांसारखी सॉफ्टवेअर प्रोग्रॅम न लिहिताही असे आलेख पडद्यावर मांडतात. अशा थेट जोडणीसाठी केवळ वाचण्याची परवानगी असलेले स्वतंत्र खाते वापरावे, म्हणजे आलेख काढताना मूळ नोंदींना धक्का लागण्याचा धोका राहत नाही.

थेट जोडणीच्या आलेखात एक गोष्ट वारंवार फसवते. अखेरच्या दोन-तीन दिवसांत रेषा जवळजवळ नेहमीच खाली वळलेली दिसते. याचे कारण बहुतेक वेळा नोंदी उशिरा पोहोचणे हे असते. म्हणून अपुरे दिवस वेगळ्या रंगात दाखवून आलेखाखाली ‘अमुक दिनांकापर्यंतच्या, अमुक इतक्या केंद्रांच्या नोंदी’ असे लिहिण्याची पद्धत पाळली जाते.

आलेख काढताना आणि वाचताना

- एका नोंदीचा अर्थ काय आणि एकूण नोंदी किती, हे आधी पाहावे.
- आकडा बेरजेचा आहे की सरासरीचा, आणि तो काळावरचा आहे की जागेवरचा, हे तपासावे.
- शून्य आणि नोंद नसणे यांत फरक केला आहे का, ते पाहावे.
- कोणत्या नोंदी वगळल्या आणि का, हे विचारावे.
- ठिकाणांची नावे किंवा सीमा मधल्या काळात बदलल्या आहेत का, याची खातरजमा करावी.
- उभा अक्ष कोठून सुरू होतो, आडव्या अक्षावरील क्रम कोणता आहे आणि नोंदी कोणत्या दिनांकापर्यंतच्या आहेत, हे वाचावे.

यांपैकी एकाही प्रश्नासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. आलेखाखाली दोन ओळींत त्यांची उत्तरे लिहिता येतात. आपल्या मंडळातील पर्जन्यमापक दोन दिवस बंद होता आणि तेथे शून्य लिहिले गेले, हे शेतकऱ्याला त्या दोन ओळींतूनच कळू शकते आणि दाद मागण्यासाठी त्याला पहिला पुरावाही तेथेच मिळतो.